पडद्याची मागची बाजू

गणपतीत गल्लीच्या तोंडाशी दोन बांबू उभे राहिले आणि मधे मांजरपाट ताणला गेला की वेगळी दवंडी लागत नसे. रात्री सिनेमा, तोही आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी मिळून बघावा असा. आज ते सिनेमे आठवताना लोक गोष्ट सांगतात, गाणी गुणगुणतात. पण डोळ्यांत खरी राहिलेली असते ती त्या एका प्रिंटची, म्हणजे फिल्मच्या प्रतीची, अवस्था.

प्रिंट 16 मिलिमीटरची. मिनिटाला 36 फूट पट्टी सरकते. सव्वादोन तासांच्या सिनेमाला 4,860 फूट. 1,600 फुटांचं मोठं रीळ 44 मिनिटांत संपतं, म्हणजे तीन भरलेली रिळं आणि वर उरलंसुरलं चौथं. प्रोजेक्टर एकच, म्हणून थिएटरात एक मध्यांतर तर गल्लीत तीन. शेंगदाणेवाल्याला हे गणित तोंडपाठ. 50 मिलिमीटरचं भिंग असेल तर 10 मीटरवरून चित्र जेमतेम 2 मीटर रुंद पडतं. मोठं हवं तर प्रोजेक्टर मागे न्या, पण मग उजेड पातळ होतो. वाऱ्याने कापड फुगलं की मधला भाग धूसर, आणि ओरडा मात्र बिचाऱ्या ऑपरेटरच्या नावाने.

त्याची खरी कसोटी पट्टी ओवताना. भिंगामागच्या झरोक्यात पट्टी सेकंदाला 24 वेळा थांबत, झटक्याने सरकते. आवाजाच्या रुळावर मात्र तिला सलग वाहावं लागतं. हे भांडण मिटवायला झरोक्याच्या वर आणि खाली पट्टीचा सैल वेढा ठेवतात, त्याला लूप म्हणायचं. कडेची भोकं फाटलेली असली की खालचा लूप गिळला जातो आणि चित्र थरथरायला लागतं. आवाज चित्राच्या 26 चौकटी (म्हणजे फ्रेम) पुढे छापलेला असतो, त्यामुळे लूप लहानमोठा झाला तरी ओठ आणि शब्द यांची फारकत होते. पट्टी अडकलीच, तर दिव्याच्या आचेने नायकाच्या गालावर तपकिरी फोड येतो, पसरतो, आणि लख्ख पांढरा उजेड. पेट मात्र घेत नाही, कारण 16 मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून न पेटणारीच बनवली गेली. जळका तुकडा कापायचा, दोन टोकं जोडायची, पुढे चालू. असे जोड साठत गेले की नायिका उंबऱ्यावरून थेट माजघरात पोचते.

रंगीत प्रिंटवर चरा उठला की हिरवी रेघ दिसते, कारण सगळ्यात वरचा थर किरमिजी असतो आणि तोच आधी खरवडला जातो. चरा खोल गेला तर रेघ पिवळी. जुन्या प्रिंटमधला निळसर रंग सर्वांत आधी उडतो, म्हणून आभाळ, शेत, भिंती सगळं गुलाबी. आता तेच सिनेमे स्वच्छ होऊन मोबाईलवर येतात. रंग अचूक असतात, आणि नेमके म्हणूनच परके वाटतात.

‘श्यामची आई’चा हा प्रश्न नव्हता. आचार्य अत्र्यांचा 1953चा, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. मुळातच कृष्णधवल, त्यामुळे गुलाबी होण्याची भीती नाही. फक्त चऱ्यांचा पाऊस. पण त्यातही एक भेद होता. मांजरपाट पातळ, उजेड आरपार जातो. पुढे जागा न मिळालेले पडद्यामागे बसत. चित्र तितकंच स्पष्ट, फक्त डावं-उजवं उलटं. श्रेयनामावली आरशात धरल्यासारखी. ती वाचून दाखवण्यावरून पोरांत पैजा. पुढे बसलेल्यांनी पाहिलेल्या वनमालाबाईंचा, म्हणजे पडद्यावरच्या आईचा, पदर डाव्या खांद्यावर. मागे बसलेल्यांचा श्याम मात्र अजूनही उजव्या पदराच्या, डावखुऱ्या आईकडे धावत जातो.