उष्णता समीकरण, नोंद ३: साइनची चाचणी फसवते

आधीच्या नोंदींचीच मांडणी: सळईत उष्णता कशी पसरते ते पायरीपायरीने मोजायचे. लांबी १ ची सळई, दोन्ही टोकांचे तापमान ०, विसरण गुणांक (उष्णता पसरण्याचा वेग ठरवणारा आकडा) १. एक्सप्लिसिट (नवे मूल्य थेट जुन्या मूल्यांवरून काढणारे) सूत्रही तेच: नवे तापमान = जुने + र × (डावे − २ × स्वतःचे + उजवे). इथे र = काळाची पायरी ÷ (अंतराची पायरी)².

सुरुवातीला साइनची अर्धी लाट ठेवली की अचूक उत्तर माहीत असते. ०.१ वेळेला मध्यबिंदूवर ते ०.३७२७१ येते. र = ०.५ ठेवून अंतराची पायरी ०.१ घेतली तर ०.३६६५४ मिळते, ०.०५ घेतली तर ०.३७११९. चूक ०.००६२ वरून ०.००१५ वर, म्हणजे चौपट कमी. दुसऱ्या ऑर्डरची (चूक पायरीच्या वर्गाप्रमाणे घटणारी) पद्धत असल्याची ही खूण. गंमत र = १/६ ची आहे: काळाची आणि अंतराची मुख्य चूक एकमेकींना खातात, आणि पायरी ०.१ असूनही चूक ०.०००००६७ इतकीच उरते. म्हणून फक्त १/६ वर तपासून आपल्या कोडवर खूश होऊ नये.

आता खरी अडचण. पायरी ०.०५ ठेवून र = ०.५२ करा. र ०.५ च्या वर गेल्याने पद्धत अस्थिर आहे, पण ७७ पायऱ्यांनंतरही आलेख गुळगुळीतच दिसतो! साइनमध्ये एकच मोड (ग्रिडवरची एक शुद्ध लाट) असतो. बिघडणारा मोड सर्वांत करवती, म्हणजे एकोणिसावा. तो दर पायरीला −१.०६७ पटीने बदलतो. त्याचे बीज फक्त राउंडऑफचे (संगणक शेवटचे अंक गाळतो त्या चुकीचे), १०⁻¹⁶ च्या आसपास. ७७ पायऱ्यांत ते दीडशे पट होते, डोळ्यांना काहीच दिसत नाही. डबल प्रिसिजनमध्ये हा गोंधळ वर यायला शेकडो पायऱ्या लागतात.

त्याऐवजी मधल्या एकाच नोडवर (ग्रिडच्या बिंदूवर) १ आणि बाकी सगळीकडे ० ठेवा. त्याच ७७ पायऱ्यांत मधल्या नोडवर आकडा −१५ च्या घरात जातो, शेजाऱ्यांची चिन्हे उलटसुलट. तापमान सुरुवातीच्या कमाल मूल्यापेक्षा वाढूच शकत नाही, त्यामुळे १ च्या वर काहीही दिसले की थांबायचे. ही चाचणी कोडमध्ये कायम ठेवावी.

क्रँक–निकोल्सन (१९४७) ही इम्प्लिसिट पद्धत, म्हणजे सगळी नवी मूल्ये एकत्र सोडवणारी, घेतली तर र ची मर्यादा जाते, त्रिकर्णी मॅट्रिक्स थॉमस अल्गोरिदमने झटपट सुटते. पण त्याच टोकदार सुरुवातीवर र = ५ ला करवती मोड दर पायरीला −०.८२ पट होतो. फुटत नाही, नुसता थरथरत राहतो. त्यावर गणितज्ञ रान्नाखरचा उपाय: पहिल्या दोन पूर्ण पायऱ्यांऐवजी बॅकवर्ड ऑयलरच्या (उजवी बाजू पूर्णपणे नव्या वेळेची घेणाऱ्या पद्धतीच्या) चार अर्ध्या पायऱ्या. प्रत्येक अर्धी पायरी तो मोड ०.०९१ पट करते. चार झाल्या की तो एक लाखात सातच्या आसपास उरतो. दुसरी ऑर्डर शाबूत राहते.

एक्सप्लिसिट कोडमधली एक छुपी चूक: त्याच अ‍ॅरेत जागेवर लिहिणे. डावा शेजारी नवा, उजवा जुना. स्थिर अवस्थेचे उत्तर तरीही बरोबर येते, म्हणून ती सापडत नाही. दोन अ‍ॅरे ठेवा आणि अदलाबदल करा.

इन्सुलेटेड टोकासाठी सळईबाहेर एक काल्पनिक नोड घेऊन त्याचे मूल्य आतल्या पहिल्या शेजाऱ्याइतके धरायचे. टोकाचे मूल्य नुसते शेजाऱ्याइतके ठेवले तर तिथली चूक पहिल्या ऑर्डरची होते आणि सगळ्या ग्रिडभर पसरते. पुढच्या नोंदीत दोन मितींसाठी आलटून पालटून दिशा घेणारी इम्प्लिसिट पद्धत.