कुलगुरूंच्या यादीतला तिसरा मुद्दा

जून 2024 मध्ये आमच्या विद्यापीठाला नवे कुलगुरू मिळाले. पदभार घेऊन पंधरा दिवस होत नाहीत तोच त्यांनी सगळ्या संलग्न महाविद्यालयांच्या प्राचार्यांची बैठक लावली. आमच्या प्राचार्यांना त्याच दिवशी संस्थेची मीटिंग निघाली, म्हणून मी गेलो. बैठकीला जो जातो त्याच्याच गळ्यात काम पडतं, हे नोकरीच्या अठराव्या वर्षी तरी कळायला हवं होतं.

कुलगुरूंनी हार बाजूला ठेवले आणि वीस मिनिटांत विषय संपवला. येत्या वर्षात तीन गोष्टी. पहिली, निकाल 45 दिवसांच्या आत. सभागृहात खसखस पिकली. खरं तर 2016 च्या विद्यापीठ कायद्यातच निकाल 30 दिवसांत, उशिरात उशिरा 45 दिवसांत लावा असं म्हटलंय. दुसरी, राष्ट्रीय शिक्षण धोरण आता संलग्न महाविद्यालयांतही प्रथम वर्षाला सुरू होतंय, तेव्हा मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह (मुख्य विषय, जोडविषय आणि दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) सगळ्यांचं वेळापत्रक जुलैतच लागलं पाहिजे. तिसरी, परीक्षा अर्ज भरण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याचा एबीसी आयडी, म्हणजे क्रेडिटच्या खात्याचा नंबर. मागून कुणीतरी प्राध्यापक भरतीचं विचारलं. "शासनाची मान्यता आली की करू," एवढंच उत्तर. त्यांचंही बरोबर होतं, पदं काही विद्यापीठ मंजूर करत नाही. पण आमच्या विभागात कायम आम्ही दोघं आणि तासिका तत्त्वावर चौघं. धोरण चालवायचं त्यांनीच.

तिसरा मुद्दा माझ्याकडे आला. कॉलेजात शिरतो तर नोडल अधिकारी म्हणून माझ्या नावाचं पत्र तयार.

एबीसी म्हणजे ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स. क्रेडिट म्हणजे शिकलेल्या अभ्यासाचे श्रेयांक. थिअरीचे पंधरा तास म्हणजे एक क्रेडिट, सेमिस्टरला साधारण 20 ते 22 क्रेडिट, आणि ते जमा करायला प्रत्येकाचं बारा आकडी खातं. डिजिलॉकर हे सरकारी कागदपत्रांचं ॲप उघडायचं, आधार टाकायचं, मोबाइलवर ओटीपी येतो, झालं. सभागृहाच्या पडद्यावर हे चार चित्रांत मावलं होतं.

प्रथम वर्षाला आमची 412 मुलं. पहिल्या आठवड्यात शंभरेक झाली, ती स्वतःचा मोबाइल आधारला जोडलेली. मग गाडी अडली. बहुतेक मुलींच्या आधारला वडिलांचा नंबर. मुलगी कॉम्प्युटर लॅबमध्ये, फोन वडिलांच्या खिशात, वडील रानात, आणि रानात रेंज नाही. एका मुलीनं तीनदा फोन लावला, चौथ्यांदा वडिलांनी उचलला आणि, "कुणालाबी नंबर सांगायचा न्हाई, बँकेवाल्यानं सांगितलंय," म्हणून ठेवून दिला. त्यांना काय बोलणार? बँकेवाला बरोबरच होता.

तोडगा आमच्या शिपाई मामांनी काढला. "सर, बुधवारी बसा." बुधवारी तालुक्याचा बाजार. वडील शेंगा, कोथिंबीर घेऊन येतातच, फोनही सोबत असतो. मग पाच बुधवार गेटजवळच्या लिंबाखाली टेबल टाकलं, दोन लॅपटॉप आणि माझ्याच मोबाइलचा हॉटस्पॉट. पिशवी पायाशी ठेवून माणसं चष्मा शोधत ओटीपी वाचायची. त्या पाच बुधवारांत दोनशेच्या वर आयडी झाले. ज्यांचा जोडलेला नंबरच बंद पडला होता त्यांना आधार केंद्राच्या रांगेत पाठवण्यावाचून इलाज नव्हता.

तरी खरी डोकेदुखी नावांची. बारावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. एकीकडे वडील भाऊसाहेब, दुसरीकडे नुसते भाऊ. लग्न झालेल्या चौघी गुणपत्रिकेवर माहेरच्या, आधारवर सासरच्या. एकाची जन्मतारीख दाखल्यावर ऑगस्टमधली आणि आधारवर 1 जानेवारी. तारीख माहीत नसली की आधार काढताना तीच पडायची. ती साधारण एकदाच बदलता येते आणि नाव दोनदा, म्हणून आम्ही प्रत्येक अर्ज पाठवण्याआधी मोठ्यानं वाचायचो. विद्यापीठाच्या परीक्षा प्रणालीत आणि आधारवर नाव जुळलं नाही की क्रेडिट चढत नाहीत. हे मात्र पडद्यावरच्या चार चित्रांत कुठे नव्हतं.

सप्टेंबरात विद्यापीठाकडून रोज टक्केवारी विचारणारा मेल यायला लागला. एकदा चिडून मी बाजाराच्या टेबलाचा फोटोच उत्तरात पाठवला. दुसऱ्या दिवशी कुलगुरू कार्यालयातून फोन. मला वाटलं, झाडणार. त्यांनी विचारलं, बाजार कुठल्या वारी असतो, आणि आसपासच्या कॉलेजांच्या गावचे वार माहीत आहेत का. आठवड्याभरात परिपत्रक निघालं, त्यात 'आठवडी बाजाराच्या दिवशी शिबिर' असा शब्द होता. मामांना वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "माझं नाव नाही वाटतं त्यात?"

परीक्षेचे अर्ज बंद झाले तेव्हा 412 पैकी 403 आयडी झाले होते. उरलेल्या नऊ जणांचे अर्ज हमीपत्रावर घेतले. परीक्षा डिसेंबरात संपली. आमच्या दोघा तासिकावाल्यांनी तपासणी केंद्रावर जेवणाचा डबा नेऊन पेपर तपासले आणि निकाल 43 व्या दिवशी लागला.

निकालाच्या दुपारी, वडिलांना तीनदा फोन लावणारी ती मुलगी विभागात आली. मोबाइलवर डिजिलॉकर उघडलेलं, तिचे क्रेडिट दिसत होते.

"सर, याची प्रिंट काढून कुठे द्यायची?"

"कुठेच नाही. ते तिथेच राहतं."

ती हलेना. शेवटी म्हटलं, काढून ठेव एक झेरॉक्सवाल्याकडून, घरी दाखवायला.