पोत्यामागून आलेला डॉक्टर

मोहोळजवळ वस्तीवर माझ्या सहा संकरित गाई आहेत. पशुखाद्याची कंपनी म्हणजे आमच्या लेखी कांडीचं पोतं आणि दिवाळीला फुकटचं कॅलेंडर, एवढंच. यंदा उन्हाळ्यात डेअरीत दुधाचं एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, 8.2 टक्के लागायला लागलं. 8.5च्या खाली गेलं की दर कापतात. त्यात दोन गाई तिसऱ्यांदा उलटल्या, म्हणजे भरवूनही गाभण राहिल्या नाहीत. दुकानदार म्हणाला, ‘‘कंपनी आता आहार बसवून देते. पैसे नाहीत, फक्त पोती त्यांचीच घ्यायची.’’

आधी ॲप. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वेत, दूध, वजन. गोठ्यात वजनकाटा कुठला? छातीचा घेर इंचात मोजून त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले 660. बायकोची शिवणाची टेप घेतली. लालीचा घेर 70, लांबी 58, म्हणजे 430 किलो. दुसऱ्या दिवशी तक्ता आला : हिरवा मका 20 किलो. मे महिन्यात, सोलापुरात!

दोनदा तक्रार केल्यावर कंपनीचा डॉक्टर आला. पोरगाच होता. माझं काही न ऐकता थेट गव्हाणीत हात घातला.

‘‘काका, उसाचं वाढं, हे हिरवे शेंडे, किती घालता?’’

‘‘खाईल तेवढं.’’

‘‘त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम धरून ठेवतं. मग खनिज मिश्रण घालून अंगी कसं लागणार?’’ वाढं निम्म्यावर आणा, घालाल त्यावर चुन्याची निवळी शिंपडा, बाकी कडबा कुट्टी आणि मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा चारा, असं त्यानं सांगितलं.

मग त्यानं चाळण मागितली. बायकोनं भाबडेपणानं पिठाची दिली. त्यानं त्यात लालीचं ताजं शेण घेतलं आणि नळाखाली धरलं. पाणी निवळलं तसे मक्याचे अख्खे, पिवळेधमक दाणे चाळणीत उरले. बायको चाळणीकडे बघत होती, मी दाण्यांकडे. पैसे देऊन आणलेला मका शेणातून उकिरड्यावर चालला होता. भरडा बारीक करायला सांगून त्यानं कांडीही गाईमागं किलोभर कमी केली.

‘‘तुमची कंपनी ओरडणार नाही?’’

‘‘गाई टिकल्या तर गिऱ्हाईक टिकेल, काका.’’ वर मुरघास मुरवायचं कल्चर मात्र त्यांचंच, हे सांगायला विसरला नाही.

जुलैत एसएनएफ 8.5 लागलं, त्यात गारव्याचाही वाटा असेल. लाली गाभण राहिली, दुसरी परत उलटली. ॲपवर अजून हिरवा मका 20 किलोच दिसतो. नवी चाळण मीच आणून दिली.