क्वार्टरवाल्यांचा मेळावा आणि तो एक फॉर्म

आधी हॉल ठरवा, माणसं मागाहून शोधा. आम्ही उलटं केलं आणि फसलो.

आम्ही कुर्डुवाडीचे, रेल्वे क्वार्टरमधले. वडील नॅरोगेजच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. तिथं कुणी कुणाला आडनावानं हाक मारत नसे. चार नंबरच्या काकू, सात नंबरचे भाऊ, अकरा नंबरचा बारक्या. माझ्या मोबाईलमध्ये आजही ते असेच सेव्ह आहेत. मधल्या भिंती इतक्या बुटक्या की वाटी पलीकडे द्यायला दार उघडावं लागत नसे. भोंगा झाला की सगळ्या चुलींवर एकदमच चहाचं आधण चढायचं.

तर दिवाळीत भाऊंचा फोन आला, 'सगळे जिवंत आहोत तोवर एकदा भेटू.' माणसं सापडायला दोन महिने लागले, पण त्याचा त्रास झाला नाही. मुलींची आडनावं बदललेली असतात, त्यांना थेट शोधायला जाऊ नका, आधी भाऊ शोधा. भाऊबीजेला ओवाळायला आलेल्या तिघी अशाच सापडल्या. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये रोज सकाळी फुलं टाकणारे दोघं असतातच, त्यांना काही बोलू नका, बाकीच्या कामाला तेच उपयोगी पडतात.

आता हॉल. गावात एक सभागृह आहे. कुणाचं ते लिहीत नाही, पण तिथल्या खिडकीसमोर मी चार वेळा उभी राहिले आहे आणि अजूनही आठवलं की डोकं तापतं.

फॉर्मवर 'कार्यक्रमाचा प्रकार' होता: लग्न, साखरपुडा, मुंज, बारसे, वाढदिवस, संस्थेचा कार्यक्रम. आम्ही शेवटच्यापुढे खूण केली. त्याच्याखालीच 'नोंदणी क्रमांक'. तो कुठला आणायचा? खिडकीतला माणूस म्हणाला, "संस्था न्हाई, तर मग तुमी कोन?"

"शेजारी."

"कुनाचे?"

"एकमेकांचे."

त्यानं पेन खाली ठेवलं. "बाई, दोनच रेट हायत. घरगुती न्हाईतर संस्था. शेजारी असा रेटच न्हाई."

मग लेटरहेड आणा म्हणाला. भाच्यानं 'क्वार्टर परिवार' असं छापून दिलं. दुसऱ्या खेपेला तो म्हणाला, गोल शिक्का कुठाय. शिक्का करून नेला, तर संस्थेचं पॅन कार्ड. मी पुण्याहून येतेय, दर वेळी एक अख्खा दिवस जातो, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. (सोमवारी जाऊ नका. सोमवारी तिथं आठवड्याच्या बाजारासारखी गर्दी असते.)

तिसऱ्या खेपेला मी 'घरगुती'वर आले, तर पुढचा रकाना 'स्थानिक रहिवासाचा पुरावा'. स्थानिक असाल तर एक दर, बाहेरचे असाल तर दुप्पट. इथं मात्र माझा तोल गेला. म्हटलं, माझे आजोबा बार्शी लाइटला लागले तेव्हा ती कंपनीची रेल्वे होती. १९५४ मध्ये सरकारनं ती घेतली तेव्हाही ते इथंच होते, त्यांच्यामागून वडीलही इथंच लागले. जुनी माणसं या स्टेशनाला 'बार्शी रोड' म्हणायची ते मी कानांनी ऐकलंय. १८९७ मध्ये ती अडीच फुटी लाईन सुरू झाली आणि त्यामुळे हे गाव नकाशावर ठळक झालं. आषाढीला टपावर बसून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांना आम्ही पोरांनी तांब्यातांब्यानं पाणी दिलंय. आणि मी बाहेरची?

तो सगळं शांतपणे ऐकून घेतो, हे त्याचं कौतुकच. मग म्हणाला, "खरं हाय तुमचं. लाईट बिल हाय का?"

लाईट बिल कुठून असणार? क्वार्टर रेल्वेचं, मीटर रेल्वेचं. निवृत्ती झाली की काही महिन्यांत किल्ली परत. मग कुणी पुण्याला, कुणी सोलापूरला, कुणी पोराकडे कल्याणला. बाहेर गेलेल्या आमच्यातल्या एकाच्याही आधार कार्डावर आज कुर्डुवाडी नाही. त्या बाकड्यावर बसून मी खरंच रडकुंडीला आले होते. लोकांनी पाहिलं, पाहू देत.

सोडवलं ते अकरा नंबरच्या बारक्यानं. गावात राहिलेला तो एकटाच. तो आता पन्नाशीला आलाय आणि त्याचं टायरचं दुकान आहे. तो लाईट बिल घेऊन आला आणि माझ्या हातातला फॉर्म घेऊन 'वाढदिवस' वर टिक केली. कुणाचा? चार नंबरच्या काकूंचा. खिडकीवाल्यानं काकूंचं आधार पाहिलं. "ही तारीख तर एक जूनची हाय. तुमी जानेवारीत हॉल मागताय."

काकू सोबतच होत्या. वय ८१, आवाज खणखणीत. "ती मास्तरांनी लावलीय रे बाळा. शाळेत घातलेल्या सगळ्यांचा एक जून. मी भोगीची."

त्यानं पहिल्यांदा मान वर करून बघितलं. त्याच्या आईचाही एक जूनच निघाला. पुढच्या पाच मिनिटांत पावती हातात. 'अर्जदाराशी नाते' या रकान्यात बारक्या अडला, तर त्यानंच आतून सांगितलं, "आप्त लिवा. आप्त चालतंय."

भोगीच्या आधीच्या रविवारी ५४ जण जमलो. पुण्याचे आदल्या संध्याकाळी हुतात्मा एक्सप्रेसनं आले. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधीच खुलं होतं, पूर्वीसारखं १२० दिवस नाही, हे आमच्या निम्म्या रेल्वेवाल्यांनाच माहीत नव्हतं. पैसे मात्र आधी गोळा करा, जेवून हात धुतल्यावर मागू नका. बाजरीची तीळ लावलेली भाकरी, भोगीची भाजी, शेंगाचटणी. केक आणावाच लागला, कारण खिडकीवाला स्वतः येऊन बघून गेला. त्याला जेवायला बसवलं.

तीन हजार अनामत अजून अडकली आहे. मूळ पावती दाखवावी लागते आणि ती काकूंनी पोथीत ठेवली आहे. गेल्या आठवड्यात फोन करून मागितली, तर म्हणाल्या, "किती आहेत? तीन हजारच ना? माझ्याकडून घे की गं."