ईसीयू बदलण्याआधी वायर तपासा

चेक लाइट लागला, गाडी उठेना आणि स्कॅनरवर चार-पाच कोड एकदम आले की आपल्याकडे तालुक्याच्या गावात निदान ठरलेलं असतं: "ईसीयू गेला भाऊ, नागपूरले न्यावा लागते." ईसीयू म्हणजे इंजिन सांभाळणारा कॉम्प्युटर. तो जात नाही असं नाही. पण तो डबा पत्र्यात बंद असतो आणि त्याला जाणारी वायरिंग मात्र उन्हात, चिखलात आणि उंदरांच्या तावडीत असते. आधी बिघडणार कोण, हे उघड आहे.

सुरुवात बॅटरीपासून. सेल्फ मारताना बॅटरीवर लावलेला मल्टिमीटर ९.६ व्होल्टच्या खाली जात असेल तर बाकी काही तपासू नका, आधी बॅटरी आणि टर्मिनल बघा. व्होल्टेज पडलं की ईसीयू मध्येच बंद होऊन पुन्हा चालू होतो आणि नसलेले कोड दाखवतो.

मग अर्थ, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडे परत जाणारी जोडणी. इथे ओहमवर मीटर लावून बीप ऐकणं हा निव्वळ भ्रम आहे. वायरची एकच तार उरली असली तरी मीटर शून्य दाखवतो, पण ती तार करंट वाहून नेऊ शकत नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या मायनसला, लाल पिन ईसीयूच्या अर्थ पिनला मागून लावा. इंजिन चालू, हेडलाइट आणि फॅन चालू. ०.१ व्होल्टच्या आत हवं. जास्त आलं तर इंजिन ते बॉडी आणि बॉडी ते बॅटरी हे दोन पट्टे काढून घासा. एका पावसाळ्यात तिथे हिरवी बुरशी चढते.

बहुतेक तीन वायरच्या सेन्सरना (थ्रॉटल, हवेचा दाब मोजणारा मॅप, डिझेलचा रेल प्रेशर) ईसीयूकडून ५ व्होल्ट, सेन्सरचा वेगळा अर्थ आणि सिग्नल अशी जोडणी असते. ५ व्होल्टची एकच लाइन अनेक सेन्सरना वाटलेली असते, आणि गंमत इथेच आहे. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा त्याची वायर ब्रॅकेटवर घासून उघडी पडली, की लाइन खाली बसते आणि तिच्यावरचे सगळे सेन्सर खोटं बोलू लागतात. म्हणूनच एकदम पाच कोड. पाचही सेन्सर बदलणाऱ्याचा खिसा रिकामा होतो, गाडी तशीच. चावी ऑन करून ५ व्होल्ट मोजत राहा आणि त्या लाइनवरचे कपलर, म्हणजे सेन्सरला लागणारे वायरचे प्लग, एकेक काढत जा. ज्याचा कपलर काढल्यावर ५ व्होल्ट परत आले, तो सेन्सर दोषी. सगळे काढूनही आले नाहीत तर हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, बघा.

दोन वायरच्या कूलंट टेम्परेचर सेन्सरसाठी फक्त एक तुकडा वायर पुरे. कपलर काढा, स्कॅनरवर लाइव्ह डेटा लावा. बहुतेक गाड्यांत तापमान उणे ४० च्या आसपास दिसेल. आता कपलरच्या दोन्ही पिना वायरने जोडा. आकडा उडी मारून १३० च्या वर गेला, म्हणजे वायरिंग आणि ईसीयू दोन्ही ठीक, सेन्सर खराब. उडी मारली नाही तर नवा सेन्सर घेऊ नका, वायर कुठे तुटली ते शोधा. सावधान, ही युक्ती तीन वायरच्या सेन्सरवर करायची नाही; ५ व्होल्टची लाइन अर्थला शॉर्ट होईल. तिथे बल्बचा टेस्टरही नको. २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो, ईसीयूच्या त्या लाइनला एवढा भार सोसत नाही.

क्रँक सेन्सरच्या (इंजिन किती फिरतं ते ईसीयूला सांगणारा) बाबतीत पी०३३५ कोड आला की सेन्सर दोन वायरचा आहे की तीन, ते आधी पाहा. दोन वायरच्या सेन्सरच्या वायरी पीळ घालून, बऱ्याच गाड्यांत जाळीच्या आवरणात नेलेल्या असतात. उंदराने कुरतडल्यावर सरळ वायर जोडून टेप गुंडाळली की अल्टरनेटरचा गोंगाट सिग्नलमध्ये शिरतो आणि गाडी चालता चालता झटके देते. पीळ कायम ठेवा, जाळी एकाच टोकाला अर्थ असू द्या.

उंदरांचं बोलायचं तर सोयाबीनचे कट्टे रचलेल्या कोठ्याजवळ उभी राहणारी गाडी ही त्यांची पहिली पसंती. वायर जोडताना सगळे जोड एकाच जागी घेऊ नका, मागेपुढे करा. सोल्डर किंवा नीट दाबलेली स्लीव्ह, त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक. साधी काळी टेप मे महिन्यात वितळून सुटते. आणि वायरमध्ये टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरून तांबं आतल्या आत सडतं. कपलरच्या तोंडात मीटरची जाड पिनही खुपसू नका, पिन रुंद होते आणि मग खड्ड्यात गाडी आदळली की बंद.

बीएस-६ गाड्यांत, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या, बरेच मॉड्यूल, म्हणजे ईसीयूसारखे डबे, दोन वायरींच्या सामाईक कॅन लाइनवर एकमेकांशी बोलतात. बॅटरी काढून स्कॅनर लावायच्या ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजा. साधारण ६० हवेत. १२० आले तर एक टोक तुटलेलं, शून्याजवळ आले तर शॉर्ट.

बंपर गार्ड किंवा ट्रॉलीचा हुक वेल्डिंग करायचा असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि ईसीयूचे कपलर आधी काढा, वेल्डिंगचा अर्थ जोडाच्या अगदी जवळ लावा.

एवढं करून संशय ईसीयूवरच राहिला तर डब्यावरचा पार्ट नंबर जशाच्या तसा उतरवून घ्या. भंगारातला तसाच डबा स्वस्तात मिळतो, पण त्यातला इमोबिलायझर (चोरी रोखणारं कुलूप) आपल्या चावीला ओळखत नाही. कोडिंग करून देणारा माणूस आधी ठरवा, मगच डब्याचे पैसे मोजा.