हिरवा मिमेला, नोंद सहावी: आकडा गेला, पट्टी उरली

मागच्या नोंदीत मिमेला वंशातल्या या हिरव्या भुंगेऱ्याच्या पॅरामिअरच्या, म्हणजे नराच्या जननांगाच्या टोकाशी असलेल्या दोन फाकांच्या, टोकाला डावीकडे वळलेला आकडा दाखवला होता आणि ‘नवी प्रजाती ठरते ती इथेच’ असं ठासून लिहिलं होतं. ते मागे घ्यावं लागतंय. तो आकडा भुंगेऱ्याचा नाही, सोलापूरच्या एप्रिलचा आहे.

पाच नरांपैकी नर १ आणि नर ४ यांचे एडीगस (नराचं जननांग) काढल्या दिवसापासून ग्लिसरीनमध्ये होते. २, ३ आणि ५ केओएचमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून) काढून, धुऊन कार्डावर चिकटवलेले. फोटो काढले ते या तिघांचेच, कारण कार्डावरचे हाताळायला सोपे. परवा मोजमापांसाठी १ आणि ४ बाहेर काढले तर दोघांचीही टोकं सरळ! मग नर ३ चा डिंक सोडवून तो रात्रभर कोमट डिस्टिल्ड पाण्यात ठेवला. सकाळी आकडा निम्म्याहून जास्त उलगडलेला, संध्याकाळपर्यंत नुसती कल्पनेपुरती वाकडी कड.

कारण दोन. पहिलं, केओएच. दहा टक्क्यांच्या द्रावणात, गरम पाण्यात ठेवलेल्या कुपीत, या आकाराच्या (१७ ते १९ मिमी) भुंगेऱ्याला दहा-बारा मिनिटं पुरतात. आतली चरबी सुटत नाही म्हणून आम्ही चाळीस मिनिटं शिजवलं. बाहेरची जाड भिंत टिकते, पण आतल्या बाजूची पातळ कड पार मऊ होते, आणि सुकताना तीच आक्रसून टोक ओढून घेते. दुसरं, तिन्ही उजव्या कुशीवर चिकटवले होते. मोकळी डावी बाजू आधी सुकली, म्हणून तिन्ही टोकं डावीकडे. फसलो ते इथे. तिघांत एकाच दिशेला वळण दिसलं की माणूस त्याला लक्षण समजतो, चिकटवण्याची पद्धत कोण आठवतो!

चरबी सुटत नसेल तर वेळ वाढवू नका. दहा मिनिटांनी काढा, सुईने आतला गोळा ओढून घ्या, नव्या द्रावणात आणखी पाच मिनिटं. रंग चहासारखा तपकिरी असेपर्यंत ठीक, मधासारखा पारदर्शक झाला की हाताबाहेर गेलं समजा.

पाण्याबद्दलही. बोअरचं पाणी धुण्याला वापरलं की केओएचशी गाठ पडून पांढरा साका बसतो, नेमका खाचांमध्ये. नर ५ वरचे ‘पांढरे कण’ हेच होते, केस नव्हेत. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर स्वस्त पडतं, तेच घ्या. क्रम असा: डिस्टिल्ड पाणी, मग पाण्यात पातळ केलेल्या व्हिनेगरमध्ये पाच मिनिटं, मग पुन्हा दोनदा डिस्टिल्ड पाणी.

शेवटची दोन पाणी टाळली की काय होतं तेही कळलं. फोटोसाठी एडीगस हव्या त्या कोनात उभा राहावा म्हणून पारदर्शक हँड सॅनिटायझरची जेल वापरतो. व्हिनेगरचा अंश राहिला की जेल पातळ होते आणि एडीगस हळूहळू आडवा पडतो. तीस फोटोंचं स्टॅकिंग (वेगवेगळ्या फोकसचे फोटो घेऊन एकत्र करणं) चालू असताना पडला की सगळे फोटो बाद. जेलमधले बुडबुडे घालवायला बाटली उघडी न करता कोमट पाण्यात तासभर उभी ठेवा. ज्योतीजवळ नको, त्यात अल्कोहोल आहे.

तर मग उरलं काय? तळची पट्टी. एडीगसच्या खालच्या बाजूची ही पट्टी जाड असल्यामुळे सुकून वाकत नाही, हे १ व ४ आणि पुन्हा भिजवलेला ३ शेजारी ठेवून तपासलं. तिचं टोक तिघांतही मधोमध चिरलेलं आहे. तुलनेतल्या प्रजातीत ते गोल, अखंड. खालून सरळ पाहिलं तरच चीर दिसते. थोडं तिरपं झालं की एक पाकळी दुसरीमागे लपते आणि टोक गोल वाटतं. आधीच्या फोटोंत ती सुटली ती यामुळेच. आता दोन्ही पॅरामिअरच्या कडा एकाच वेळी फोकसमध्ये आल्याशिवाय फोटो काढायचा नाही.

‘हा अॅनोमालाच आहे’, म्हणजे जवळच्या दुसऱ्या वंशातला, असं म्हणणाऱ्यांनी भुंगेरा उलटा करून पाहावा. पुढच्या पायांच्या मागे छातीचा खाली आलेला उंचवटा आहे, तो मिमेलाचा. सुक्या नमुन्यात पाय पुढे ओढायला जाल तर पाय हातात येईल. झाकणाच्या डब्यात ओली वाळू, वर जाळी, बुरशीसाठी ओव्याच्या फुलाचे चार खडे, असं दीड दिवस ठेवून आधी मऊ करा. ओव्याचं फूल म्हणजेच थायमॉल, काष्ठौषधींच्या दुकानात सुटं मिळतं.

रंगाचं एक सुख मात्र मिळालं. थ्रीडी सिनेमाचा चष्मा, वर्तुळाकार ध्रुवीकरणाचा, डोळ्यांसमोर धरला तर एका काचेतून भुंगेरा झगझगीत हिरवा, दुसरीतून जवळजवळ काळा. तांब्याच्या झाकेची मादीही तशीच. म्हणजे हा रंग कवचातल्या थरांच्या पिळाचा. भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांनी १९११ मध्येच एका सोनेरी भुंगेऱ्यावर हे दाखवलं होतं. अशा अनेक भुंगेऱ्यांत हे दिसतं, त्यामुळे प्रजात ठरवायला उपयोग शून्य. पण फोटोत चमक मारणारा ठिपका आणि खरा रंग वेगळे करायला हा चष्मा उत्तम. वर्णनात ‘हिरवा’ एवढंच लिहायचं, ‘पाचूसारखा’ वगैरे नाही. थर थोडे जाड-पातळ झाले की पाचूचं तांबं होतं.

होलोटाइप, म्हणजे नव्या नावाला आधार म्हणून नेमलेला एकच नमुना, बदलतोय. नर ३ सगळ्यांत देखणा, म्हणून तोच ठरला होता. आता नर १. त्याची एक मिशी तुटकी आहे, पण एडीगस कधीच सुकलेला नाही. प्राणिनामांच्या नियमांप्रमाणे १९९९ नंतरच्या नावाला होलोटाइपसारखा आधार-नमुना स्पष्ट नेमावा लागतो आणि तो कुठल्या संग्रहात जाणार तेही लिहावं लागतं. जैवविविधता कायदा, २००२ च्या कलम ३९ प्रमाणे नवी प्रजात कळवून नमुना ठरवलेल्या संस्थेत द्यायचाच आहे. आपला झूलॉजिकल सर्व्हेकडे. ऑनलाइन छापायचं तर झूबँकचा (प्राणिनामांच्या ऑनलाइन नोंदवहीचा) क्रमांक लेखातच हवा. नावाबद्दल: मिमेला स्त्रीलिंगी आहे, म्हणून विशेषण आलं तर तेही स्त्रीलिंगी. यादीतली ‘-उस’ने संपणारी दोन्ही नावं बाद.

हे लिहिता लिहिताच सुचलं: पट्टी वेगळी असेल तर एडीगसच्या आतली पिशवीही वेगळी असणार. ती फुगवून पाहायला ताजा, न शिजवलेला नर लागतो. तेव्हा वर्णन दिवाळीपर्यंत पाठवायचं नाही. वळवाच्या पहिल्या दोन सरींनंतर, अमावास्येच्या आसपास, परवानगीत लिहिलेल्या ठिकाणीच भुंगेरे पकडायला दिव्याचा पडदा लावायचा. या वेळी सगळे एथिल अॅसिटेटच्या (कीटक मारायच्या) बाटलीत नकोत, त्याने डीएनए खराब होतो. दोन नर फ्रीझरमध्ये, आणि प्रत्येकाचा उजवा मधला पाय ९६ टक्के अल्कोहोलमध्ये.

चिमटीचं: ऑनलाइन मागवलेल्या सात नगांच्या संचातल्या पाच चिमट्यांची टोकं एकमेकांवरून घसरतात. घड्याळ दुरुस्तीच्या सामानाच्या दुकानात पाच नंबरची मागा, उजेडाकडे धरून मिटा, टोकांमध्ये फट दिसली तर परत द्या. पिना तीन नंबरच्या, उजव्या कवचपंखातून. नर ४ ची पिन मधोमध गेली आहे, ती तशीच राहू द्या. काढायला गेलात तर कवच तडकेल.