तुम्ही विचारलंत म्हणून: मन नसताना पाळलेली आज्ञा

प्रार्थना संपल्यावर कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "देव काय सांगतोय ते कळतंय, पण करावंसं वाटत नाही. मन नसताना केलं तर ते ढोंग नाही का?"

ढोंग नाही. वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत प्रभू येशूने तीनदा तीच विनवणी केली, की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून टळून जावो. नकोसं वाटणं त्याने पित्यापासून लपवलं नाही, आणि तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो, असं म्हणून तो उठला. त्याला ढोंग म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मलाही पूर्वी वाटायचं, की पाचारण, म्हणजे एखाद्या कामासाठी आलेली हाक, देवाचं असेल तर आधी मनात आनंद येईल. मग माझे चुलते अंथरुणाला खिळल्याचं कळलं. माझ्या वडिलांशी त्यांनी बोलणं तोडलं होतं, वडील गेले तेव्हाही ते आले नाहीत. प्रार्थनेला बसले की एकच गोष्ट मनात यायची: जा, त्यांना भेट. कित्येक आठवडे मी देवाला कारणं देत राहिले.

इस्राएली लोकांना मिसरातून बाहेर काढायला देवाने पाठवलं, तेव्हा कारणं मोशेनेही दिली. 80 वर्षांचा होता तो. मी कोण जाणारा, लोक विश्वास ठेवणार नाहीत, मला नीट बोलता येत नाही. देवाने एकेकाला उत्तर दिलं. शेवटी "दुसऱ्या कुणाला तरी पाठव" म्हटल्यावर देव रागावला, पण रागातही त्याला सोडून न देता बोलायला त्याच्या भावाला, अहरोनाला, सोबत दिलं. हे वाचून मला धीर आला. देवासमोर उभं राहून केलेली कुरकुर त्याला ऐकायची असते.

संदेष्टा योना याला देवाने निनवेला जायला सांगितलं, तेव्हा त्याने तेही केलं नाही. तो मुकाट याफो बंदरात गेला, भाडं भरलं आणि दूरच्या तार्शीशला जाणाऱ्या जहाजात बसला. निनवे हे अश्शूरी लोकांचं शहर, क्रूर शत्रूचं. तो घाबरून पळाला असं आपण सहज धरून चालतो. पण खरं कारण योनाच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात तो स्वतःच सांगतो: तू दयाळू आहेस, त्यांना क्षमा करशील, हे मला ठाऊक होतं. त्या ओळीवर मी अडकले. मला चुलत्यांची भीती वाटतच नव्हती. देव त्यांनाही जवळ घेईल, आणि तेही माझ्या हातून, हे मला सहन होत नव्हतं. ते पुस्तक देवाच्या प्रश्नावर संपतं: 1,20,000 हून अधिक माणसं आणि इतकी गुरंढोरं, त्यांची मी कीव करू नये काय? योनाचं उत्तर लिहिलेलं नाही.

एक मात्र सांगायलाच हवं. "देवाची इच्छा आहे, सहन कर," असं म्हणून कुणी तुम्हाला छळ करणाऱ्याच्या घरी परत पाठवत असेल, तर त्याला पाचारण समजू नका. मी बोलते आहे ते तुमच्याच अंतःकरणात, वचन वाचताना, पुन्हा पुन्हा ऐकू येणाऱ्या हाकेविषयी. तीही एखाद्या समंजस विश्वासू माणसाला सांगून पारखून घ्यावी.

दिमिष्कातल्या (दमास्कसमधल्या) हनन्या या शिष्याला प्रभूने शौलाकडे, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा छळ करणाऱ्या आणि पुढे प्रेषित पौल झालेल्या माणसाकडे, जायला सांगितलं तेव्हा त्यानेही आधी हरकत घेतली: प्रभू, या माणसाने तुझ्या लोकांचं किती वाईट केलंय! तरी तो गेला. त्याच्यावर हात ठेवून म्हणाला, "शौल भाऊ." त्याची भीती कधी गेली, दारात की वाटेत, की गेलीच नाही, हे शास्त्र सांगत नाही.

पहिल्या दोन भेटींत मी चुलत्यांना पाणी पाजलं, उशी सरळ केली, पण त्यांना कसलीच हाक मारली नाही. तिसऱ्या वेळी तोंडातून "काका" निघालं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

आता दर बुधवारी जाते. जिन्यापाशी पाय अजून जड होतात, आणि मी तिथेच थांबून देवाला तसं सांगते.